दरवाजा आणि धक्का

गेटवे ऑफ इंडियाकडे रीगल सिनेमाच्या बाजूनं चालत गेलं की एक गोष्ट डोळ्यांना खटकते. रस्ता एका दिशेनं येतो आणि कमान भलत्याच दिशेला तोंड करून उभी असते. एवढी दिमाखदार वास्तू, पण तिच्या बरोबर समोर येऊन भिडणारा राजरस्ता नाही. कारण साधं आहे. कमानीबरोबर तसा रस्ताही आखलेला होता. पैसे पुरले नाहीत आणि तो झालाच नाही. दरवाजा बांधून झाला, वाट मात्र राहून गेली.

वेळेचं गणितही असंच चुकलेलं. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले ते २ डिसेंबर १९११ रोजी. तेव्हा तिथे कमान नव्हती, स्वागतापुरता उभारलेला एक मंडप होता. पायाभरणी झाली ३१ मार्च १९१३ रोजी. जॉर्ज विटेटच्या आराखड्याला मंजुरी मिळाली १९१४ मध्ये. मग समुद्रात भराव घालणं, पाया घेणं यात १९२० उजाडलं, आणि व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ रोजी. ८३ फूट उंच, ४८ फूट व्यासाचा मधला घुमट, पिवळसर बेसॉल्ट दगड आणि काँक्रीट, खर्च सुमारे २१ लाख रुपये. ज्या पाहुण्यांसाठी दरवाजा बांधला ते त्यातून कधी आत आले नाहीत. ते येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी दरवाजा तयार झाला.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे मुंबईला खरे दरवाजे होते, आणि ते तिनं स्वतःच पाडले होते. फोर्टच्या तटबंदीला चर्चगेट, अपोलो गेट आणि बाजारगेट असे तीन दरवाजे होते. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात तट आणि दरवाजे दोन्ही जमीनदोस्त झाले, कारण वाढत्या शहराला ते अडचणीचे वाटत होते. त्यानंतर अर्धशतकानं तट नसलेल्या शहराला एक नवा दरवाजा मिळाला.

शहराच्या किनाऱ्यावर ज्या खुणा उरतात त्या दोन जातींच्या असतात. काही दरवाजे असतात: कुणी मोठा माणूस इथे आला होता, हे सांगायला उभारलेले. आणि काही धक्के असतात: जिथे बोट लागते, माल उतरतो, माणसं चढतात, आणि काम झालं की कुणी मागे वळून पाहत नाही. मुंबई घडली ती धक्क्यांवर. पोस्टकार्डांवर मात्र दरवाजा आला. आता कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतचा हा पूर्व किनारा, जवळजवळ दीडशे वर्षं बंदराच्या भिंतीआड असलेला, नव्यानं आखला जातो आहे. अशा वेळी यातलं काय 'वारसा' म्हणून मोजायचं आणि काय भराव म्हणून बुजवायचं, हा प्रश्न इतिहासाच्या हौशी वाचकापुरता राहत नाही.

पाठमोरं शहर

आज मुंबईचा समुद्र म्हटलं की मरीन ड्राइव्ह, चौपाटी, वरळी, बांद्रा आठवतं. हा सगळा पश्चिम किनारा. पण व्यापारी जहाजांना त्याचा उपयोग नव्हता. तिकडे खडक, उघडा अरबी समुद्र आणि पावसाळ्यात थेट अंगावर येणारा वारा. पूर्वेला मात्र बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये खोल, आडोशाचं पाणी होतं. या पाण्यासाठीच पोर्तुगीज आले, त्यासाठीच इंग्रजांना ही बेटं हवी होती. १६६१ च्या लग्नाच्या करारात ती इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि १६६८ मध्ये त्यानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीला देऊन टाकली.

या किनाऱ्यावरची सर्वांत जुनी वस्ती आज पाहायला मिळत नाही, कारण ती नौदलाच्या हद्दीत आहे. बॉम्बे कॅसल उभारला गेला तो एका पोर्तुगीज वाड्याभोवती. सोळाव्या शतकात मुंबई बेट ज्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं तो गार्सिया द ओर्ता हा वैद्य त्या जागेशी जोडलेला आहे. औषधी वनस्पतींवरचा त्याचा प्रसिद्ध संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. पुढे हाच किल्ला कंपनीच्या सत्तेचं केंद्र झाला, आणि कान्होजी आंग्रे यांच्यावर पाठवलेल्या आरमारी मोहिमांचे हुकूम मुंबईतूनच निघाले. आज त्या जागी भारतीय नौदलाचं जे ठाणं आहे त्याचं नाव आहे 'आय. एन. एस. आंग्रे'. इतिहासानं घेतलेला एवढा नेमका सूड क्वचितच दिसतो.

किल्ल्याला लागूनच गोदी आहे. १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी सुतार-मिस्त्री मुंबईत आला. त्याच्या घराण्यानं पुढची दीडेकशे वर्षं इथे जहाजं बांधली. १७५० मध्ये इथे सुकी गोदी तयार झाली. तिची युक्ती सोपी होती: भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी बाहेर जाऊ द्यायचं, दरवाजा लावायचा, आणि कोरड्या तळावर उभ्या राहिलेल्या जहाजाच्या पोटाखाली जाऊन काम करायचं. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक दोन पुरुष उंचीएवढा असतो. निसर्गानं दिलेला हा पंपच म्हणायचा.

मलबारच्या सागवानानं बांधलेली इथली जहाजं ओक लाकडाच्या विलायती जहाजांपेक्षा जास्त टिकत. याचा पुरावा आजही पाण्यावर तरंगतो आहे, फक्त तो मुंबईत नाही. १८१७ मध्ये वाडियांच्या देखरेखीखाली या गोदीतून पाण्यात गेलेलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलं आहे. त्याआधी, १८१३ मध्ये, इथेच बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ चा नानकिंगचा तह झाला. पहिलं अफूचं युद्ध त्या तहानं संपलं आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. म्हणजे ज्या माळव्याच्या अफूवर मुंबईचे कित्येक सावकार गब्बर झाले, त्या अफूच्या युद्धाचा शेवटही मुंबईच्या सागवानी लाकडावर सह्या होऊन झाला. या गोदीच्या भिंतीला लागून रोज हजारो माणसं ऑफिसला जातात. भिंतीपलीकडे काय आहे ते त्यांना दिसत नाही.

नावांचा किनारा

गोदीच्या उत्तरेला सरकलं की एक वेगळाच अनुभव येतो. रस्त्यांची, स्थानकांची, मोहल्ल्यांची नावं समुद्राबद्दल बोलतात आणि समुद्र कुठेच दिसत नाही. चिंच बंदर आता चांगलंच आत, जमिनीवर आहे. मांडवी म्हणजे जकातीची जागा. तिथे आता मसाल्याची, सुक्यामेव्याची, कागदाची दुकानं. वाडी बंदर, लकडी बंदर, कोळसा बंदर, हे बंदर, हाजी बंदर, दारूखाना. प्रत्येक नाव म्हणजे एक पावती आहे: इथे लाकूड उतरत होतं, इथे कोळसा, इथे घोड्यांसाठी गवत, इथे बंदुकीची दारू साठवत.

यातलं सगळ्यांत सुंदर नाव मशीद स्थानकाचं. ही मशीद मुसलमानांची नव्हे, असं जुने मुंबईकर सांगतात. कोकणातून आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंचं पहिलं प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये इथे बांधलं गेलं. बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनीच्या फौजेतले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुखरूप सुटल्याबद्दल त्यांनी ते बांधलं, अशी परंपरा आहे. आसपासचे लोक त्याला जुनी मशीद म्हणू लागले. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ होतो 'दयेचा दरवाजा'. मुंबईच्या किनाऱ्यावर गेटवेच्या सव्वाशे वर्षं आधी एक दरवाजा होता. तो कैदेतून सुटून आलेल्या एका कोकणी माणसानं बांधला होता, आणि त्यातून आत येणाऱ्याला राजा असण्याची अट नव्हती.

ही बंदरं जमिनीत गडप झाली ती भरावामुळे. आणि भरावाची गोष्ट भाऊंशिवाय सुरू होत नाही. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, पाठारे प्रभू, लोकांच्या तोंडी 'भाऊ'. १८४० च्या सुमाराला त्यांनी शहराचा केरकचरा भराव म्हणून वापरून समुद्र मागे सारला आणि धक्का बांधला. तोवर कोकणातून येणाऱ्या उतारूला होडीतून उतरून चिखल तुडवत किनारा गाठावा लागे. भाऊंनी त्याला कोरड्या पायांनी उतरायची सोय करून दिली. त्या धक्क्याला एखाद्या गव्हर्नराचं नाव लागलं नाही. लोकांनी 'भाऊचा धक्का' म्हटलं आणि तेच टिकलं. पुढे भराव वाढत गेला, धक्क्याची जागा बदलत माझगावकडे सरकली, आणि नाव त्याच्याबरोबर चालत गेलं. जागा बदलूनही नाव टिकतं तेव्हा ते लोकांचं असतं.

मग आला कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून भराव घालणाऱ्या कंपन्या निघाल्या, शेअर बाजार फुगला आणि युद्ध संपताच फुटला. पण भराव राहिला. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि युरोपचा रस्ता एकदम जवळ आला. आता बारक्या बंदरांवर भागणार नव्हतं. तोवर मोठी जहाजं खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि पडाव, मचवे त्यांचा माल किनाऱ्यावर आणत. हवी होती ती पाण्याची गोदी: जिचे दरवाजे भरतीला उघडून जहाज आत घ्यायचं आणि पुन्हा लावून पाणी आतच कोंडून ठेवायचं, म्हणजे बाहेर ओहोटी असली तरी जहाज धक्क्याला लागून तरंगत राहील.

अशी पहिली गोदी सरकारनं बांधली नाही. ती बांधली बगदादहून आलेल्या ज्यू घराण्यातल्या अल्बर्ट ससूननं, कुलाब्याला, १८७५ मध्ये. १८७३ साली स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टनं ती लवकरच विकत घेतली आणि मग स्वतःच्या गोद्या बांधायला घेतल्या: १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आपण आता इंदिरा डॉक म्हणतो. या शेवटच्या गोदीसाठी जी खोदाई झाली तिच्या मातीतून बॅलार्ड इस्टेटची जमीन उभी राहिली. तिथल्या एकसारख्या, शिस्तशीर इमारतींचा आराखडा कुणाचा? गेटवेवाल्या विटेटचाच. गंमत म्हणजे दिखाऊ कमान आणि कामाचा मोहल्ला एकाच माणसानं, साधारण एकाच वेळी आखला. बॅलार्ड पिअरवर विलायतेची बोट लागे आणि समोरच्या मोल स्थानकातून फ्रंटिअर मेल सुटे. साहेबाचा खरा दरवाजा हा होता.

बंदरातून फक्त माल येत नाही. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये याच मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरनं एका रोग्याला ग्रंथिक सन्निपाताचा ताप असल्याचं ओळखलं. प्लेग मुंबईत शिरला होता, आणि गोदीजवळची धान्याची कोठारं व त्यांतले उंदीर त्याला पुरेसे होते. पुढच्या काही वर्षांत शहराचे रस्ते, चाळी, दादर-माटुंग्याची आखणी हे सगळं या तापाच्या भीतीतून झालं. आजच्या मुंबईचा नकाशा काही अंशी एका धक्क्यावरच्या आजारानं काढला आहे.

चार वाजून सहा मिनिटं

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं मालवाहू जहाज उभं होतं. दोनच दिवसांपूर्वी ते कराचीमार्गे आलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, सोन्याच्या शंभराहून अधिक विटा, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या. स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा लावलेला नव्हता. दुपारी कापसातून धूर येताना दिसला. जहाज बुडवावं की बाहेर काढावं, हा निर्णय कोणी घ्यायचा यावर वेळ गेला, आणि आग विझवणारे पाणी मारत राहिले.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. 'जलपद्म' नावाचं शेजारचं जहाज उचललं जाऊन गोदीच्या शेडवर आदळलं. जळता कापूस आणि तापलेलं लोखंड मांडवी, मशीद, चिंच बंदरवर पडलं. हजारो माणसं बेघर झाली. मेलेल्यांचा आकडा वेगवेगळ्या हिशेबांत आठशे ते तेराशे असा येतो. गोदीतल्या रोजंदारीवरच्या माणसांची नोंदच नीट नसेल तर हिशेब एक कसा येणार? त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. युद्धाचा काळ असल्यानं सविस्तर बातमी मे महिन्यापर्यंत बाहेर जाऊ दिली नाही. सोन्याच्या विटा मात्र पुढे कित्येक वर्षं गाळ काढताना सापडत राहिल्या आणि त्यांची बातमी दर वेळी झाली.

देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो या दिवसामुळे. पण ज्या पाण्यात हे घडलं, ते पाणी आता तिथे नाही. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही जुन्या गोद्या या शतकात कंटेनर ठेवायला जागा हवी म्हणून भराव घालून बुजवण्यात आल्या. १९८९ मध्ये समोरच्या किनाऱ्यावर न्हावा शेवा बंदर सुरू झाल्यावर कंटेनरचा धंदा तिकडे गेलेला होता; तो थोडा तरी परत आणायची ही धडपड होती. ज्या जागेत मुंबईनं एका दुपारी शेकडो माणसं गमावली, तिचा आकारच उरला नाही. हीच घटना एखाद्या राजवाड्यात घडली असती तर तो राजवाडा बुजवला गेला असता का?

गटारीची सकाळ

पूर्व किनाऱ्यावरचा दुसरा मोठा घाव भाऊच्या धक्क्याचा. कोकणात जायला रेल्वे नव्हती, घाटातले रस्ते पावसाळ्यात भरवशाचे नव्हते. चाकरमानी गावी जायचा तो आगबोटीनं. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला, पणजी: ही बंदरांची माळ त्याला रेल्वे स्थानकांसारखी पाठ असायची. डेकवर वळकटी टाकून झोपायचं, बोट लागली की पडावात उतरायचं. मराठी माणसानं मुंबईत पाऊल ठेवलं ते बहुतांशी याच धक्क्यावर. गिरणीत बदली कामगार म्हणून लागण्याआधीचं त्याचं पहिलं दर्शन म्हणजे धक्क्याच्या पायऱ्या आणि हमालांची आरडाओरड. मुंबईतल्या मराठी कुटुंबांच्या वंशावळी खणत गेलं तर कित्येकींची मुंबईची शाखा याच पायऱ्यांवर सुरू होते.

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी आठच्या सुमाराला 'रामदास' बोट धक्क्यावरून रेवसला निघाली. कंपनीचं लांबलचक इंग्रजी नाव बाजूला ठेवून लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. नाव आपुलकीचं होतं, कारण ती देशी होती. दिवस गटारी अमावास्येचा, त्यामुळे घरी जाणाऱ्यांची गर्दी. रेवस म्हणजे दीड तासाचा प्रवास. पाऊस आणि वारा वाढला, काशाच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेनं बोट कलली, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी जमतील तेवढी माणसं पाण्यातून ओढून घेतली. मुंबईला बातमी कळायला संध्याकाळ झाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. देशाच्या इतिहासात त्या उन्हाळ्या-पावसाळ्यातल्या मरणांची रांग एवढी मोठी आहे की ही सहाशे माणसं तिच्यात मागे उभी राहिली. रायगड जिल्ह्यातल्या घरांनी मात्र ती मागे ठेवली नाहीत. तिथे गटारीचा दिवस पुढे बरीच वर्षं 'रामदास बुडाली तो दिवस' म्हणूनही ओळखला गेला.

दरवाज्याचं खरं काम

गेटवेला निव्वळ शोभेची वस्तू म्हणणं मात्र अन्याय होईल. दरवाज्याला त्याचं काम मिळालं, पण बांधणाऱ्यांच्या मनात नव्हतं ते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात खलाशांनी संप पुकारला. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवराळ भाषा ही तात्कालिक कारणं; दोन दिवसांत बंदरातल्या जहाजांवरचे बावटे उतरले. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्समध्ये, म्हणजे त्याच जुन्या किल्ल्यात, गोळीबार झाला. जहाजांवरची रसद तोडली गेली तेव्हा मुंबईची माणसं फळं, पाव, दूध, जेवणाचे डबे घेऊन गेटवेवर आली आणि खलाशी होड्यांतून येऊन ते घेऊन गेले. त्यांत इराणी हॉटेलवाले होते, साधे गृहस्थ होते. बादशहाच्या नावाची कमान त्या दिवशी धक्का झाली होती. पुढच्या दोन दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसं गोळीबारात मेली आणि २३ तारखेला संप मिटला.

दोन वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण याच कमानीखालून चालत जाऊन बोटीत बसली. भारतातून निघालेली ती शेवटची ब्रिटिश पलटण. आत येण्यासाठी बांधलेला दरवाजा बाहेर जाण्यासाठी कामी आला. १९६१ च्या प्रजासत्ताक दिनी समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला.

आणि तरीही या किनाऱ्यावरची सर्वांत बोलकी स्मृतिवास्तू मला गेटवे वाटत नाही. ती मशीद बंदरच्या गजबजाटात, खलाशांच्या वसतिगृहात आहे. पहिल्या महायुद्धात व्यापारी जहाजांवर काम करताना समुद्रातच गेलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचं स्मारक तिथे आहे. रत्नागिरीचे, रायगडचे, गोव्याचे, पूर्व बंगालचे, बॉयलरजवळ कोळसा ओढणारे, भटारखान्यात राबणारे लोक. समुद्राखेरीज त्यांना कबर नाही. तिथून थोड्या अंतरावरून जो लांबलचक रस्ता जातो त्याचं जुनं नाव फ्रिअर रोड. तट पाडणाऱ्या गव्हर्नराचं ते नाव जाऊन आता तिथे गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांचं नाव आहे. पूर्व किनाऱ्याची खरी वारसायादी करायला बसलं तर सुरुवात या दोन ठिकाणांपासून व्हायला हवी.

आता पुढे

बंदराकडे असलेली जमीन सुमारे १,८०० एकर आहे. जमिनीला एवढी हपापलेली मुंबई आणि तिच्या मध्यभागी अर्धी रिकामी गोदामं, हे फार काळ चालणार नव्हतंच. बागा, विहारपथ, मरिना, क्रूझ टर्मिनल यांचे आराखडे वर्षानुवर्षं येत आहेत. काही प्रत्यक्षात उतरत आहेत. शिवडीच्या चिखलात हिवाळी पाहुणे म्हणून येणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या डोक्यावरून १२ जानेवारी २०२४ पासून न्हावा शेव्याचा २१.८ किलोमीटरचा सागरी सेतू जातो. शेजारी इंग्रजांनी सिद्दीच्या धास्तीनं १६८० मध्ये बांधलेला शिवडीचा किल्ला आहे, आणि त्याच्या आसपास तेलाच्या टाक्या.

भिंत पडावी, लोकांना समुद्र दिसावा, याला कुणाची हरकत असेल? प्रश्न भिंतीमागे काय दाखवणार हा आहे. अशा कामात एक ठरलेली पद्धत आहे: चार दगडी इमारती स्वच्छ करायच्या, दिवे लावायचे, पितळी पाटी बसवायची आणि भोवतालचं सगळं काम करणारं जग, मासळीचा वास, लाँचचा धूर, हातगाड्या, हटवून टाकायचं. मग जागा सुंदर होते आणि तिचा अर्थ निघून जातो. ससून डॉकच्या गोदामांच्या भिंतींवर २०१७ मध्ये चित्रं रंगवली गेली, शहरभरातून माणसं ती पाहायला गेली, आणि अनेकांनी तेव्हा प्रथमच पाहिलं की इथे पहाटे मासळीचा लिलाव होतो, कोळणी ढिगांनी कोळंबी सोलतात, बर्फाच्या लाद्या फुटतात. चित्रं चांगली होती. पण ससून डॉकचा दीडशे वर्षांचा वारसा म्हणजे तो लिलाव आहे. तो बंद पडला तर दगडी घड्याळाचा मनोरा नुसता मनोरा राहील.

सगळं जपता येत नाही, हे खरंच आहे. बंदरं बदलतात. हाजी बंदराच्या नावात हाज यात्रेची आठवण आहे, पण मुंबईहून हाजला जाणारी बोट १९९५ नंतर सुटली नाही. कोकणची आगबोटही गेली, आणि तिच्या डेकवर रात्रभर पाऊस झेलणाऱ्यांना ती परत यावी असं वाटेलच असंही नाही. पण काही गोष्टी फारशा खर्चाच्या नाहीत. बुजवलेल्या गोदीची रेघ जमिनीवर आखता येते. लकडी बंदर, कोळसा बंदर ही नावं नव्या नकाशात ठेवता येतात, त्यांच्या जागी 'बे व्ह्यू' लिहिण्याची गरज नसते. खलाशांच्या स्मारकाकडे जायचा रस्ता दाखवणारी पाटी लावता येते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, किनाऱ्यावर साध्या उतारूची जागा राखता येते: ज्याच्याकडे मरिनात ठेवायला बोट नाही आणि क्रूझचं तिकीट नाही, त्याची.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच अजून सुटते. मार्च २०२० पासून तिथून मांडव्याला रो-रो बोटही जाते, गाडीसकट. लाँचमध्ये भाजीच्या रिकाम्या पाट्या, शाळेच्या दाखल्यासाठी मुंबईला येऊन गेलेली माणसं, दवाखान्याच्या फायली हातात धरलेल्या बाया, अलिबागच्या बाजूचे विद्यार्थी. धक्का बांधताना भाऊंनी काय विचार केला असेल ते असो. १८४० च्या आसपास ज्या उतारूसाठी तो बांधला गेला, तोच उतारू आजही रांगेत उभा आहे.